सुरक्षित शहर, स्थानिक शासन आणि नागरिकांचा सहभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहर सुरक्षित ठेवणे हे पोलिसांचे काम असताना नगरपालिकेने त्यात का पडावे?

गुन्ह्याचा तपास करणे, आरोपीला पकडणे आणि त्याला न्यायालयापुढे उभे करणे हे पोलिसांचेच काम आहे आणि ते दुसऱ्या कोणी हाती घेऊही नये. मात्र गुन्हा ज्या जागेवर घडतो ती जागा बहुतेक वेळा पालिकेच्या अखत्यारीत असते. पथदिवा कोणत्या वळणावर लावावा, बसथांबा कोठे असावा, भुयारी पादचारी मार्ग रात्री किती वाजता बंद करावा, पडीक भूखंडावरील झुडपे कोणी काढावीत, हे निर्णय अभियंत्यांच्या, उद्यान विभागाच्या आणि परवाना अधिकाऱ्यांच्या टेबलावर होतात. या अधिकाऱ्यांच्या कर्तव्यसूचीत गुन्ह्याचा उल्लेख क्वचितच असतो. तरीही त्यांच्या निर्णयांमुळे एखादा रस्ता रात्री वावरण्याजोगा होतो किंवा ओस पडतो.

इंग्लंड आणि वेल्स यांनी हा संबंध कायद्यानेच मान्य केला आहे. तेथील १९९८ च्या गुन्हे व बेशिस्त प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ नुसार स्थानिक प्राधिकरणाने आपले प्रत्येक काम करताना त्याचा गुन्हेगारीवर काय परिणाम होईल याचा आणि गुन्हे रोखण्यासाठी वाजवीपणे शक्य ते सर्व करण्याच्या गरजेचा विचार करणे बंधनकारक आहे. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने ‘सेफर सिटीज’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याची मागणी आफ्रिकेतील महापौरांनी केली होती, कारण लोकांच्या तक्रारी आधी त्यांच्याच दारात येत होत्या.

‘सुरक्षित शहर’ म्हणताना फक्त गुन्ह्यांचाच विचार करायचा का?

तसा केला तर हिशेब अपुरा राहतो. २०२१ मध्ये जगभरात सुमारे ४ लाख ५८ हजार माणसे खुनाला बळी पडली, तर रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसे दगावली. शाळेसमोरच्या रस्त्यावर वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणणे हेही सुरक्षिततेचेच काम आहे. पुढील उत्तरांत भर मुख्यतः हिंसा, चोरी, छळ आणि त्यांची भीती यांवर आहे. परंतु ज्या पदपथावर दिवा नसतो तो पदपथ बहुधा फुटलेलाही असतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांची पाहणी एकाच फेरीत करणे शहाणपणाचे ठरते.

पोलिसांकडील नोंदी पाहून धोक्याची ठिकाणे ठरवता येत नाहीत का?

काही प्रमाणात येतात, पण त्या नोंदींत जे येतच नाही ते बरेच मोठे असते. मारहाण झालेला माणूस अनेक कारणांनी पोलिसांकडे जात नाही: मारणारा ओळखीचा असतो, बदला घेतला जाण्याची धास्ती असते, स्वतःही मद्यपान केलेले असते किंवा तक्रारीचा काही उपयोग होईल असे त्याला वाटत नाही. जखम मात्र त्याला रुग्णालयात नेते.

वेल्समधील कार्डिफ शहरात जबड्याच्या व चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारे जोनाथन शेफर्ड यांनी याच गोष्टीकडे लक्ष वेधले. त्यांच्या पुढाकाराने तातडीच्या उपचार विभागातील नोंदणी कर्मचारी जखमीला मोजकेच प्रश्न विचारू लागले: हल्ला नेमका कोठे झाला, केव्हा झाला आणि कशाने झाला. रुग्णाचे नाव व ओळख काढून टाकून ही माहिती पालिका आणि पोलीस यांच्या संयुक्त गटाकडे नियमितपणे जाऊ लागली. त्यातून कोणत्या मद्यालयाबाहेर, कोणत्या रात्री व कोणत्या तासाला डोकी फुटतात हे दिसू लागले. त्यानुसार गस्तीचे मार्ग बदलले, गर्दीचे रस्ते वाहनांसाठी बंद झाले आणि फुटल्यावर धारदार तुकडे न होणाऱ्या काचेच्या पेल्यांचा आग्रह धरला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, तुलनेसाठी निवडलेल्या शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी राहिले. महागडी यंत्रणा उभारण्याआधी कोणत्याही पालिकेने आपल्या रुग्णालयाशी असे बोलणे करावे, इतका हा उपाय स्वस्त आहे. ओळख उघड न होण्याची हमी मात्र लेखी आणि काटेकोर असली पाहिजे. ती एकदा मोडली की रुग्ण खरे सांगणे बंद करतात.

संपूर्ण शहरासाठी एकच आराखडा करणे सोपे नाही का?

आराखडा सोपा होतो, उपयोग कमी होतो. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या पोलिसांकडे आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक दूरध्वनी शहरातील अवघ्या ३ टक्के पत्त्यांशी निगडित असल्याचे आढळले. त्यानंतर इतर अनेक शहरांतही असेच एकवटलेले चित्र दिसले आहे. ‘अमुक वस्ती धोकादायक’ हे विधान म्हणूनच बहुतेकदा ढोबळ असते आणि त्या वस्तीवर अन्यायही करते. धोका तिथल्या एखाद्या कोपऱ्यात, एखाद्या जिन्याखाली, एखाद्या दुकानासमोर साठलेला असतो, आणि शेजारची गल्ली तितकीच शांत असते.

माणसांच्या बाबतीतही असेच आहे. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट या सार्वजनिक गृहवसाहतीत १९८० च्या दशकाच्या मध्यावर घरफोड्यांचे प्रमाण फार होते. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता, कधीच न फोडलेल्या घराच्या तुलनेत, चौपटीहून अधिक असल्याचे तेथे आढळले. शिवाय चोरांचे लक्ष अनेक घरांत बसवलेल्या, नाणी टाकून चालणाऱ्या गॅस व विजेच्या मीटरांवर होते. उपाय त्यावरूनच ठरले. चोरी झालेल्या घरांतील हे मीटर बदलले, कुलपे मजबूत केली आणि त्या घराच्या आजूबाजूच्या पाच-सहा कुटुंबांना त्यावर लक्ष ठेवण्याची विनंती केली. तीन वर्षांत तेथील घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. सगळ्या वसाहतीला सावध राहण्याचे आवाहन करण्यापेक्षा, काल ज्याच्याकडे चोरी झाली त्याच्या दाराशी आज जाणे अधिक परिणामकारक ठरले. असे काम बातमीत फारसे झळकत नाही आणि म्हणूनच कदाचित कमी केले जाते.

एका ठिकाणी बंदोबस्त केला की गुन्हा शेजारी सरकतो, मग उपयोग काय?

ही शंका रास्त आहे, पण अनुभव तिला फारसा दुजोरा देत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १०२ मूल्यमापने तपासली गेली. गुन्हा सरकल्याचे जवळपास एक-चतुर्थांश निरीक्षणांत दिसले आणि शेजारच्या भागालाही लाभ झाल्याचे तितक्याच निरीक्षणांत दिसले. कोपऱ्यावरची सोय, पळून जाण्याची वाट, गिऱ्हाइकाची ये-जा या गोष्टी दुसरीकडे तशाच्या तशा मिळत नाहीत. तरीही मोजणी करताना शेजारचे रस्ते धरलेच पाहिजेत.

अधिक दिवे लावल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, जागा नीट निवडली तर. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सार्वजनिक गृहवसाहतींपैकी काहींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून तेथे उंच, तात्पुरते प्रकाशखांब उभारले गेले आणि बाकीच्या वसाहतींशी तुलना केली गेली. त्या वसाहतींत रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष निघाला. यावरून सरसकट झगझगाट करावा असे मात्र नव्हे. अतिप्रखर दिव्यापलीकडचा भाग डोळ्यांना अधिकच काळा दिसतो, झाडाच्या फांद्या वाढल्या की दिव्याचा उजेड जमिनीपर्यंत पोहोचत नाही, आणि बंद पडलेला दिवा किती दिवसांत बदलला जातो यावरच रहिवाशांचा पालिकेवरील विश्वास बराचसा ठरतो. नव्या खांबांच्या निविदेपेक्षा देखभालीच्या करारातील मुदत हा कित्येकदा अधिक महत्त्वाचा कागद असतो.

सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय नाही का?

तो सर्वांत जास्त मागितला जाणारा उपाय आहे. या विषयावरील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी होतात, सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसतो आणि हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम आढळत नाही. पडद्यासमोर कोणी बसलेले असेल आणि काही दिसताच माणूस धाडण्याची सोय असेल तर कॅमेऱ्याचा उपयोग वाढतो. चित्रण कोण पाहणार, ते किती दिवस जपणार आणि कोणाला देणार, याचे नियम जाहीर केल्याशिवाय एकही कॅमेरा लावू नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवावेसे वाटते.

महिला सुरक्षा पाहणी म्हणजे काय, आणि ती कशी करावी?

टोरांटो शहरात महिला व बालकांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या ‘मेट्रॅक’ या संस्थेने १९८९ मध्ये ही पद्धत तयार केली आणि पुढे ती अनेक देशांत पोहोचली. एखाद्या जागेचा रोज वापर करणारी व्यक्ती ही त्या जागेची जाणकार असते, हे तिच्या मुळाशी आहे. चार ते सहा जणींचा गट ठरलेल्या मार्गावर अंधार पडल्यानंतर चालतो आणि थांबून थांबून पाहतो: समोरून येणाऱ्याचा चेहरा पुरेशा अंतरावरून दिसतो का, भिंत किंवा झुडूप यांमागे कोणी लपू शकते का, ओरडल्यास कोणाला ऐकू जाईल, निघून जाण्यासाठी दुसरी वाट आहे का, आपण नेमके कोठे आहोत हे सांगणारा फलक आहे का.

गटात तरुणी, वयस्क महिला, चाकांच्या खुर्चीचा वापर करणारी व्यक्ती आणि रात्रपाळीहून परतणारी कामगार महिला यांपैकी शक्य तितक्या जणी असाव्यात, कारण प्रत्येकीला दिसणारी जागा निराळी असते. पालिकेचा दिवे किंवा रस्ते विभागातील अभियंता सोबत असावा, पण त्याने जागेवर खुलासे देऊ नयेत. ऐकावे आणि लिहून घ्यावे. नोंद मोघम नसावी. ‘येथे अंधार आहे’ असे न लिहिता खांबाचा क्रमांक, वेळ आणि अडथळा लिहावा, म्हणजे ती नोंद थेट कामाच्या आदेशात उतरवता येते. पाहणी एकदा सुट्टीच्या दिवशी आणि एकदा कामाच्या दिवशी करावी. बाजार उठल्यानंतरचा रस्ता हा बाजार भरलेल्या रस्त्याहून वेगळाच असतो.

पाहणीनंतर काहीच घडत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष आहे. भाग घेणाऱ्यांनी आपला वेळ आणि कटू अनुभव दिलेले असतात, आणि अहवाल कपाटात जातो. म्हणून चालायला निघण्यापूर्वीच उत्तराची तारीख ठरवावी. प्रत्येक नोंदीपुढे ‘झाले’, ‘अमुक महिन्यात होईल’ किंवा ‘होणार नाही, कारण…’ यांपैकी एक शेरा लिहून तो त्याच गटासमोर वाचावा. नकार कारणासह मिळाला तर लोक तो बहुधा स्वीकारतात. मौन स्वीकारत नाहीत.

काही उपायांना खर्च जवळजवळ लागत नाही. माँट्रियलमध्ये १९९६ पासून रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळच्या सुरक्षित जागी, बसमधून उतरता येते. त्यासाठी नवा रस्ता बांधावा लागला नाही, चालकांना दिलेली सूचना बदलावी लागली.

पडीक जागांकडे इतके लक्ष का दिले जाते?

कारण त्यांवरील प्रयोगाचा निकाल बराच स्पष्ट आहे. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंड निवडून त्यांपैकी काहींवरील कचरा काढला, गवत व झाडे लावली आणि आत जाता येईल असे बुटके लाकडी कुंपण घातले. काहींची फक्त साफसफाई केली. काही जसेच्या तसे ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत, सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीच्या हिंसेत २९ टक्के घट झाली. बेवारस जागा शस्त्रे लपवायला सोयीची असते. हिरवळ राखलेल्या जागेकडे शेजाऱ्यांचे लक्ष राहते. भूखंडाचा मालक सापडत नाही हे कारण पालिका नेहमी देतात. मालकी वादात असतानाही स्वच्छता करून खर्च मालमत्तेवर चढवण्याची तरतूद स्थानिक कायद्यात आहे का, हे आधी तपासावे.

गरीब वस्त्यांत विकासकामे केल्याने हिंसा कमी होते, याला आधार आहे का?

कोलंबियातील मेडेयिन शहराने २००४ मध्ये डोंगरउतारावरील वस्त्यांना मेट्रोशी जोडणारा रज्जुमार्ग सुरू केला आणि त्यासोबत वाचनालये, उद्याने, पादचारी पूल व घरसुधारणा यांवर खर्च केला. या वस्त्यांची तशाच, पण रज्जुमार्ग न मिळालेल्या वस्त्यांशी तुलना करणाऱ्या २०१२ मधील अभ्यासात खुनांच्या प्रमाणातील घट ६६ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. त्या काळात शहरातील सशस्त्र टोळ्यांची समीकरणेही बदलत होती, त्यामुळे सगळे श्रेय रज्जुमार्गाच्या पाळण्यांना देता येत नाही. परंतु तुलना त्याच शहरातील वस्त्यांची असल्याने तो निष्कर्ष बाजूलाही सारता येत नाही.

महापौरांनी स्वतः काय करावे?

कोलंबियाची राजधानी बोगोटा हिचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १९९३ मध्ये त्या शहरात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ८० खून होत. २००३ पर्यंत हे प्रमाण सुमारे २३ वर आले. या काळात दोनदा महापौर झालेले अंतानास मोकस यांची आठवण वाहतूक शिस्तीसाठी चौकांत उभ्या केलेल्या मूकनाट्य कलाकारांमुळे काढली जाते. ते दृश्य मनोरंजक होते खरे, पण त्याहून महत्त्वाचे काम कंटाळवाणे होते. न्यायवैद्यक विभागाच्या आकड्यांवरून खून कोणत्या वारी, कोणत्या वेळी आणि कोठे होतात हे नियमितपणे पाहिले जात होते, आणि बैठकीत पोलीस व पालिकेचे अधिकारी एकत्र बसत होते. सुट्टीच्या रात्री मद्य आणि हत्यारे एकत्र येतात हे दिसल्यावर मद्यालये रात्री एक वाजता बंद करण्याचा नियम आला आणि शस्त्रे स्वखुशीने जमा करण्याची मोहीम झाली. मोकस यांच्या दोन कार्यकाळांच्या मध्ये महापौर असलेले एन्रिके पेन्यालोसा यांनी पदपथ, उद्याने आणि सार्वजनिक वाहतूक यांवर भर दिला. महापौर बदलले तरी कामाचा धागा पुरता तुटला नाही, हे या उदाहरणातील दुर्मीळ अंग आहे. महापौरांनी सर्वप्रथम अशी बैठक ठरलेल्या दिवशी घ्यावी आणि तिला स्वतः हजर राहावे. प्रतिनिधी पाठवला की इतर विभागप्रमुखही प्रतिनिधीच पाठवतात.

सभांना नेहमी तीच ती माणसे येतात. खरा सहभाग कसा मिळवावा?

सभेची वेळ आणि जागा बदलूनच बरेच साध्य होते. संध्याकाळी सात वाजता पालिकेच्या सभागृहात सभा ठेवली की स्वयंपाक व मुले सांभाळणाऱ्या महिला, पाळीवर गेलेले कामगार, तरुण मुले आणि भाडेकरू आपोआप बाहेर राहतात. शिकागोने १९९३ पासून पोलीस गस्तीच्या भागांत रहिवाशांसोबत नियमित सभा सुरू केल्या. पुष्कळ लोक आले, परंतु स्पॅनिशभाषक रहिवाशांचा सहभाग तुलनेने कमी राहिला. जे येत नाहीत त्यांच्याकडे आपणच जावे लागते: शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात, बसस्थानकावर.

काही वेळा प्रश्न विचारण्यापेक्षा निरीक्षण अधिक सांगते. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात, साधारण दहाव्या वर्षानंतर मुली सार्वजनिक उद्यानांत दिसेनाशा होतात हे लक्षात आले. मोकळ्या मैदानावर मुलांचा ताबा होता. पालिकेने दोन उद्यानांची नव्याने रचना करून पायवाटा वाढवल्या, मैदानाचे छोटे भाग पाडले आणि प्रवेशाच्या वाटा मोकळ्या केल्या, तेव्हा मुली परतल्या. या मुलींपैकी कोणी तक्रार अर्ज केला असता, असे वाटत नाही.

रहिवाशांनी स्वतः गस्त घालावी का?

लक्ष ठेवणे आणि कळवणे येथपर्यंत ठीक आहे. शेजाऱ्यांच्या देखरेख गटांवरील २००८ च्या आढाव्यात गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी घटल्याचे दिसते, पण असे गट जिथे गरज कमी तिथे सहज उभे राहतात आणि जिथे भीती व अविश्वास जास्त तिथे टिकत नाहीत. अडवणे, झडती घेणे, जाब विचारणे किंवा शिक्षा करणे हे अधिकार कोणत्याही नागरिक गटाला देऊ नयेत. व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाचे छायाचित्र ‘संशयित’ म्हणून फिरले की जमाव जमायला वेळ लागत नाही, आणि तो माणूस बहुधा फेरीवाला, स्थलांतरित कामगार किंवा मनोरुग्ण असतो. गट स्थापन करतानाच हा नियम लिहून घ्यावा आणि न पाळणाऱ्याला बाहेर काढावे.

किरकोळ बेशिस्तीवर कडक कारवाई केली तर मोठे गुन्हे थांबतात, हे खरे आहे का?

जागेची निगा राखणे आणि माणसांना रस्त्यात अडवणे या दोन गोष्टी या युक्तिवादात एकत्र मिसळल्या जातात. पहिलीचा लाभ वर पाहिलाच. दुसरीबाबत न्यूयॉर्कचा अनुभव बोलका आहे: २०११ मध्ये पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना थांबवून चौकशी केली, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतरच्या काही वर्षांत अशा चौकशा ९० टक्क्यांहून अधिक घटल्या, आणि त्यामुळे गुन्हे वाढतील हे भाकीत मात्र खरे ठरले नाही. ज्या वस्तीला सतत संशयित म्हणून वागवले जाते ती वस्ती साक्ष द्यायलाही पुढे येत नाही.

काम यशस्वी झाले हे कसे ओळखावे?

नोंदवलेल्या तक्रारी वाढल्या म्हणून लगेच निराश होऊ नये. विशेषतः घरगुती हिंसा व छळ यांच्या बाबतीत सुरुवातीची वाढ ही विश्वास वाढल्याची खूण असू शकते. त्यामुळे पोलिसांच्या आकड्यासोबत रुग्णालयाची नोंद, रात्री जागेचा वापर करणाऱ्यांची मोजणी (त्यांत महिला आणि मुले किती) आणि रहिवाशांची छोटी प्रश्नावली ठेवावी. मोजणी काम सुरू होण्याआधी झालेली असावी. बहुतेक पालिका ती उद्घाटनानंतर आठवते म्हणून करतात, आणि मग तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो.

आमची पालिका लहान आहे आणि निधी नाही. सुरुवात कोठून करावी?

एकच जागा घ्यावी, जिच्याबद्दल रहिवासी, रुग्णालय आणि पोलीस या तिघांचीही तक्रार आहे. एका अधिकाऱ्याचे नाव जबाबदार म्हणून जाहीर करावे आणि त्याला दिवे, रस्ते, उद्यान व परवाना या विभागांकडून काम करून घेण्याचा लेखी अधिकार द्यावा. समिती नंतर नेमता येते. रात्रीची एक पाहणी करावी, आधीची मोजणी करून ठेवावी आणि दुरुस्तीचा पहिला भाग, निदान बंद दिवे व वाढलेली झुडपे, एका महिन्यात उरकावा. मोठा निधी लागणारी कामे पुढील अंदाजपत्रकात मांडताना पाहणीतील नोंदी आणि मोजणीचे आकडे जोडावेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून केले तसे अंदाजपत्रकातील काही रक्कम कोठे खर्चावी हे रहिवाशांनाच ठरवू द्यायचे असेल, तर ही जागा त्यांच्यासमोर पर्याय म्हणून ठेवावी, आणि त्यांनी दुसरीच जागा निवडली तर ती आधी घ्यावी.